आया गॅदरिंगला आल्या

आयांना गॅदरिंगला बोलवू नका, असं केराबाईनं एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. एकदा शाळेच्या खिचडीला फोडणी देताना, एकदा भांडी घासताना, आणि शेवटी तर थेट वर्गाच्या दारात उभी राहून, पोरांच्या देखत. पण संघप्रिया मॅडमचा स्वभाव असा, की कुणी ‘नको’ म्हटलं की तिला आधी ‘का’ विचारायचं असायचं. आणि ‘का’चं उत्तर केराबाईकडे नव्हतं. वस्तीची रीत आहे, एवढंच तिला ठाऊक होतं.

रीत अशी होती. सांगोला तालुक्यातल्या या कोकरेवस्तीवर माणसांपेक्षा मेंढरं जास्त. दिवाळी सरली की गवत संपतं, पाणी टँकरवर येतं, आणि वस्तीवरचे कर्ते बाप्ये न् बाया मेंढरं घेऊन पश्चिमेला कृष्णेच्या काठाला निघतात. ती परततात थेट मृगाला. पूर्वी पोरंही त्यांच्या मागं जायची आणि शाळेच्या पटावर नुसती नावं राहायची. संघप्रिया इथं आली तेव्हा तिनं घरोघर जाऊन, हातापाया पडून, कधी भांडूनसुद्धा, पोरं म्हाताऱ्यांपाशी ठेवायला लावली. म्हाताऱ्यांनी ठेवून घेतली, पण एका अटीवर. मागं ठेवलेल्या पोराला वर्षाच्या मध्येच आई दाखवायची नाही. फोनवर बोलायचं, पण तोंड दिसू द्यायचं नाही. मेंढरं घरी आली की मगच आई.

संघप्रियाला हे फार क्रूर वाटायचं. ती सोलापुरात वाढलेली. तिचे वडील त्रिंबक हे महापालिकेत झाडूकामाला होते आणि आई घरी. संध्याकाळी आईच्या पुढ्यात बसून अभ्यास करणं हेच तिला बालपण वाटत होतं. केराबाईची नात राजनंदिनी पहिलीत असताना दिवाळीनंतर महिनाभर भिंतीकडे तोंड करून बसायची, ते तिनं पाहिलं होतं. पोरगी रडायची नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं संघप्रियाला तेव्हा वाटायचं.

तर या रीतीला हात घालायची वेळ का आली, ते सांगायला हवं.

मार्च महिन्यात केंद्रप्रमुख सोमशेखर सर आले आणि पाणी पिऊन झाल्यावरही उठेनात. तेव्हाच संघप्रियाला समजलं, की बातमी वाईट आहे.

“मॅडम, कमी पटाच्या शाळांची यादी निघालीय,” सर म्हणाले. “तुमची काठावर आहे. फाट्यावरच्या मोठ्या शाळेत जोडायचं चाललंय.”

“फाट्यावर? सर, मध्ये हायवे आहे. सहा वर्षांची पोरं तिथवर चालत जातील?”

“रिक्षाचा भत्ता मिळेल म्हणतात.”

“म्हणतात!”

सर ओशाळले. ते माणूस म्हणून चांगले होते, आणि चांगल्या माणसाच्या हातात अशा वेळी काही नसतं. “गटशिक्षणाधिकारी साहेब स्वतः बघून शेरा देणार आहेत. पट कागदावर किती का असेना, मॅडम, त्यांना डोळ्यांनी पोरं दिसली पाहिजेत. तुमचं गॅदरिंग परीक्षेनंतर आहे ना? त्यालाच बोलवा त्यांना. भरलेली शाळा दिसेल, गाव दिसेल. माणूसच आहे शेवटी.”

त्या दिवशी संघप्रियानं मनाशी एक गोष्ट धरली. ही शाळा गेली, तर रिक्षाची वाट बघत कुणी म्हातारी नातवाला सांभाळणार नाही. पोरं पुन्हा मेंढरांमागं जातील आणि एकदा गेली की गेलीच. शाळा आहे म्हणून पोरं वस्तीवर आहेत. साहेबांना नुसती पोरं दाखवून भागणार नाही, गाव दाखवायला हवं. आणि गाव तर कृष्णेच्या काठाला! तिनं वस्तीच्या ग्रुपवर आवाज भरून पाठवला: “गॅदरिंगला सगळ्या आयांनी यायचंच. तुमची लेकरं काय काय शिकली, ते बघायला यायचं.”

केराबाई दोन दिवस बोलली नाही. शाळेत खिचडी शिजवायची, वाढायची, पण मॅडमकडे बघायची नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिच्या लेकाचा, बिरुदेवाचा, फोन आला की शालन येतेय. सुनेचं नाव ऐकलं आणि म्हातारीचं अवसान गळालं. दुपारी ती चुना कालवताना दिसली. शाळेच्या भिंतीला हात फिरवत ती म्हणाली, “येतीया तर यिऊ द्या आता. सून माजीबी हाय की.”

मग काय, सगळी वस्तीच कामाला लागली. शाळा समितीचे अध्यक्ष ज्ञानबा यांनी मंगळवेढ्याकडचा सिद्धप्पा ड्रायव्हर गाठला. तो पिकअप घेऊन जाणार, आयांना आणणार आणि दुसऱ्या दिवशी परत नेऊन सोडणार, असं ठरलं. मेंढरांपाशी बाप्ये थांबणार होते. कोकरं लहान, बाया जास्त दिवस राहू शकत नव्हत्या.

नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात, तशी या गॅदरिंगला आली. माईकवाल्यानं ऐन वेळी लग्नाची सुपारी घेतली, दुसरा शोधावा लागला. वाऱ्यानं मांडव एकदा उडाला. गजीनृत्यात नाचणाऱ्या पोरांचे रुमाल शेळीनं खाल्ले. पण संघप्रिया हटली नाही. तिनं सगळ्यात जास्त मेहनत घेतली ती राजनंदिनीवर. गॅदरिंगला शाळेच्या वर्षभरातल्या घडामोडी वाचून दाखवायच्या असतात. दर वर्षी मॅडमच वाचायच्या आणि कुणी ऐकायचं नाही. या वर्षी त्या दुसरीतल्या राजनंदिनीनं वाचायच्या होत्या. जी पोरगी भिंतीकडे तोंड करून बसायची, ती साहेबांसमोर माईकवर वाचणार. आणखी काय दाखवायचं असतं शाळेनं?

घडामोडीही पोरांनीच सांगितलेल्या होत्या. आषाढात शाळेत धामण निघाली आणि मॅडम बाकावर चढल्या. सव्वीस जानेवारीला झेंडा उलटा लागता लागता राहिला. हापसा बिघडला. हापसा नीट झाला. हापसा पुन्हा बिघडला. चौदा एप्रिलला मॅडमनी सगळ्यांना पेन दिले. राजनंदिनी हे सगळं मान न उचलता वाचायची, बोट ओळीवर ठेवून. “वर बघायचं गं,” संघप्रिया सांगायची, “समोर माणसं असतात.” चार दिवस ती हेच शिकवत होती. वर बघ. वर बघ.

गॅदरिंगच्या दुपारी साहेबांचा फोन आला. सोलापूरला अचानक मीटिंग लागली होती, मोठे साहेब बसले होते, उठता येत नव्हतं. “उद्या सकाळी सात-साडेसातला येतो मॅडम. यादी उद्याच जिल्ह्याला द्यायचीय. पोरं तेवढी बसवून ठेवा, म्हणजे झालं.”

आजची सगळी तयारी वाया गेली, असं संघप्रियाला वाटलं. पण लगेच तिनं स्वतःची समजूत घातली. शनिवारची सकाळची शाळा, पोरं तर येणारच. उलट आयाही असतील. बरंच झालं की.

ऊन उतरलं तेव्हा फाट्याकडून धुरळा उठला. पिकअप मांडवाच्या मागं थांबली आणि बाया खाली उतरल्या. केराबाईनं बजावलं होतं, पोरांना आधी दिसायचं नाही, कार्यक्रम होईपर्यंत मागंच बसायचं. त्या डोईवर पदर ओढून मागं बसल्या. पाच-सहा महिन्यांनी लेकरं एवढ्या जवळ, आणि त्या गुपचूप बसल्या. त्यांचंही नवल करावं तेवढं थोडं.

स्वागतगीत झालं. रुमालाशिवाय गजीनृत्य झालं. मग राजनंदिनी कागद घेऊन माईकपाशी आली. गळ्यात प्लास्टिकच्या मण्यांची माळ, वेण्यांना नवी लाल रिबीन.

“आमच्या शाळेच्या या वर्षीच्या घडामोडी,” तिनं सुरुवात केली. आवाज खणखणीत होता. धामणीच्या जागी लोक हसले, तशी तिला जोर आला. हापसा बिघडला म्हणाली तेव्हा ज्ञानबांनी खाली मान घातली. “चौदा एप्रिलला आमच्या मॅडमनी...” आणि तिनं, शिकवल्याप्रमाणं, वर बघितलं.

पुढचा शब्द आला नाही.

संघप्रिया बाजूला उभी होती. ती हळूच म्हणाली, “सगळ्यांना पेन दिले... वाच की.” पोरीनं ऐकलं नाही. कागद तिच्या हातातून सुटला. “आये!” असं ती माईकवरच ओरडली, पार पलीकडच्या माळावर ऐकू जाईल असं. आणि स्टेजवरून उडी टाकून पळाली.

मग कोण ऐकतंय? संध्याकाळी मेंढ्या रानातून परत आल्या की दिवसभर जाळीत कोंडलेली कोकरं सोडतात, तेव्हा जो गलका होतो, तसा गलका झाला. नाचाच्या कपड्यातली पोरं बाकं ओलांडून, एकमेकांवर पडत, आपापल्या आयांना जाऊन चिकटली. बाया मोठ्यांदा रडत होत्या, हसत होत्या. शालननं राजनंदिनीला मांडीवर घेतलं होतं आणि नुसती तिच्या तोंडावरून हात फिरवत होती. संघप्रिया स्टेजवर एकटी उभी होती आणि तिचेही डोळे वाहत होते. नोकरीत एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता. हे आपण केलं, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

तिनं माईक घेतला. “उद्या सकाळी साहेब येणार आहेत! सगळ्यांनी पोरांना घेऊन शाळेत यायचं, सात वाजता!” पण तेवढ्यात कुणीतरी ढोलावर टिपरी टाकली आणि म्हातारे गजी खेळायला उतरले. संघप्रियानं पुन्हा एकदा ओरडून सांगितलं. समोरच्या दोघी-तिघींनी माना हलवल्या. त्या कशाला हलवल्या, कोण जाणे. अंधार पडायच्या आत हायवे गाठायचा होता, म्हणून तिनं स्कूटीला किक मारली. घरोघर जाऊन सांगायला हवं होतं. आधी चार वर्षं ती एकेका घराचा उंबरा झिजवत होती आणि नेमकी त्याच दिवशी ती माईकवर विसंबली.

सकाळी ती सातच्या आधीच पोचली. मांडव तसाच होता, खाली फुलांचा चुरा. शाळेच्या मागं चूल पेटलेली होती आणि मोठ्या पातेल्यात खिचडी रटरटत होती. केराबाई चुलीसमोर बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

“केराबाई, पोरं?”

केराबाईनं लाकूड आत सारलं.

“अहो, पोरं कुठंयत?”

“गेली,” केराबाई म्हणाली. “झुंजूमुंजू व्हायला गाडी निघाली. ऊन व्हायच्या आदी जायाचं हुतं.”

“पोरंही?”

“परीक्षा झाली न्हवं, म्हनल्या. आता काय ऱ्हायलंय शाळंत? मृगाला येतूयाच की माघारी.” तिनं पळीनं खिचडी ढवळली. “पोरगी आईचा पदर सोडंना. रातभर मुठीत धरून निजली. मी कशी वढू? कोकरू आईला लागल्यावर वढायचं न्हाय मॅडम, आमच्यात पाप हाय ते. तिची कापडं मीच बांधून दिली.”

“साहेब येणार म्हणून मी माईकवर सांगितलं होतं!”

“व्हय? मला न्हाय ऐकू आलं. मी तर सुनंजवळ बसले हुते.” म्हातारीनं पदर तोंडाला लावला. “खिचडी तेवढी टाकली. तुमी काल सांगितलं हुतं, सकाळी लवकर टाका म्हून.”

संघप्रियानं फोन काढला. बिरुदेवाला लावला, तो बंद. सिद्धप्पाला लावला, तो कव्हरेजच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा. फोनमधली बाई तिला तेच तेच सांगत राहिली.

ज्ञानबा धावत आले. त्यांचा मुलगा डाळिंबाच्या बागेमुळे वस्तीवरच राहायचा, त्यामुळे त्यांची दोन नातवंडं तेवढी शिल्लक होती. “काळजी करू नगा मॅडम, बघतो मी!” असं म्हणून ते गेले आणि थोड्या वेळानं अंगणवाडीतली चार-पाच शेंबडी पोरं बखोटीला धरून घेऊन आले. त्यांना दुसरीच्या बाकावर बसवलं, पुढ्यात पुस्तकं ठेवली. एकानं पुस्तक चाटलं. करायला गेलो गणपती, झाला मारुती, असं एरवी संघप्रिया म्हणाली असती आणि हसली असती. आज तिला त्या पोरांकडे बघवत नव्हतं.

साहेब आले. साधा, थकलेला माणूस. सोबत सोमशेखर सर. साहेबांनी दारातून आत पाहिलं आणि पहिल्या बाकावरच्या पोराला नाव विचारलं. त्यानं भोकाड पसरलं.

संघप्रियानं काही लपवलं नाही. आया आल्या, पोरं गेली, जूनमध्ये येतील, सगळं सांगितलं. हजेरी दाखवली, परीक्षेचे पेपर दाखवले. मांडवात पडलेल्या माळा, चपला, एक रिबीनसुद्धा दाखवली. “साहेब, काल सगळी होती हो. कालच्या संध्याकाळी आला असतात...” सोमशेखर सर भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिले.

साहेबांनी पेपर चाळले. अक्षर बघितलं. “चांगलं काम आहे मॅडम,” ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, हेच जास्त वाईट होतं. “पण मी काय लिहू? मागं एका शाळेची न दिसलेली पोरं विश्वासावर लिहिली. ती निघालीच नाहीत. माझी चौकशी लागली, अजून संपली नाही. दिसेल तेच लिहायचं, असं ठरवलंय मी.”

“ही पोरं खरी आहेत साहेब.”

“असतील हो.”

केराबाईनं त्यांना ताटलीत खिचडी आणून दिली. त्यांनी उभ्यानंच खाल्ली, चांगली झालीय म्हणाले आणि गाडीत बसले. पातेलं भरलेलं राहिलं. दुपारी केराबाईनं ती खिचडी कुत्र्यांना आणि कोंबड्यांना घातली. उरली ती घरी नेली. त्या दिवशी तिच्या घरी जेवायला ती एकटीच होती.

एक मेला निकाल वाटायचा. त्याच्या आदल्या दिवशी पत्र आलं. जूनपासून कोकरेवस्तीची शाळा फाट्याच्या शाळेत. मॅडमची बदली दुसरीकडे, कुठं ते नंतर कळेल. केराबाईच्या कामाचं पत्रात काहीच नव्हतं. तिचं कुणाच्या ध्यानातच आलं नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडा लावला. संघप्रिया, ज्ञानबा, केराबाई आणि दोन नातवंडं, एवढ्यांनी राष्ट्रगीत म्हटलं. दोघांना निकाल दिला, पेढा दिला. बाकीची प्रगतिपुस्तकं टेबलावर गठ्ठा करून राहिली. ज्ञानबांनी विचारलं, “मॅडम, शाळंच्या चाव्या आता कुणाला द्यायच्या?” आणि उत्तराची वाट न बघता ते निघून गेले.

संघप्रिया वर्गात एकटी बसली. राग कुणावर काढावा, हे तिला कळेना. साहेबांवर निघत नव्हता, केराबाईवर तर नाहीच. फिरून फिरून तो स्वतःवरच यायचा. त्या आवाजावर, जो तिनं फोनमध्ये भरून पाठवला होता. चार वर्षं पोरं धरून ठेवली आणि आपल्याच हातानं दार उघडून दिलं. काय वाईट केलं? लेकरांना आई दाखवली. एवढंच. याची अशी शिक्षा असते का कुठं?

फोन वाजला. बिरुदेवाचा नंबर होता, बोलत होती शालन. मागं मेंढरांचा आवाज.

“मॅडम, निकाल हाय न्हवं आज? आमची पास झाली का?”

“झाली. पहिली आली.”

“आगं बया!” शालन हसली आणि तिनं तिकडं कुणालातरी ओरडून सांगितलं. “मॅडम, तुमचं लई उपकार झालं बगा. तुमी बोलवलं म्हून आलो. पोरगी अशी बोलतीया, अशी वाचतीया, सपनातबी वाटलं नव्हतं. आमी ठरवलंय, हिला शिकवायची. मेंढरामागं न्हाय आणायची. दिवाळीनंतर तुमच्यापाशीच ठिवणार. थांबा, ती बोलायचं म्हणतीया.”

“मॅडम,” राजनंदिनी म्हणाली, “माझं राहिलंय ते म्हणू का?”

“काय गं?”

“घडामोडी. पाठ हाय मला.” आणि उत्तराला न थांबता ती सुरू झाली, माईकवर बोलावं तशा आवाजात. “चौदा एप्रिलला आमच्या मॅडमनी सगळ्यांना पेन दिले. आमच्या शाळेत यंदा एकही मूल शाळाबाह्य राहिलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही शाळेत लिंबाची झाडं लावणार आहोत आणि त्यांना हापशाचं पाणी घालणार आहोत. आपण सर्व आलात, आभारी आहोत. पुढच्या वर्षीही असेच या. जय हिंद, जय महाराष्ट्र!”

तिकडं ती थांबली. श्वास ऐकू येत होता.

“मॅडम, टाळ्या?”

संघप्रियानं फोन बाकावर ठेवला आणि रिकाम्या वर्गात दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या. मागं चुलीपाशी राख काढणारी केराबाई दारात येऊन उभी राहिली. फोनमधला आवाज तिनं ओळखला होता.

“मॅडम,” फोनमधून शालन विचारत होती, “शाळा कवा उघडणार मग?”

केराबाई मॅडमच्या तोंडाकडे बघत होती. संघप्रियानं फोन उचलला.

“जूनमध्ये,” ती म्हणाली.